एकसारख्या एकशे चौदा हरकती

९ ऑक्टोबर २०२५, गुरुवार. यवतमाळ

आज पेपरात सातव्या पानावर, नोकरीच्या जाहिरातींखाली, बोटभर जागेत एक सूचना आली. पळसखोरी तांड्याजवळ चुनखडीची उघडी खाण, एकशे वीस हेक्टर. पर्यावरण मंजुरीसाठी जनसुनावणी १४ नोव्हेंबरला सकाळी अकरा वाजता, जागेवरच मांडव टाकून. ढोले सरांनी, म्हणजे ॲड. विठ्ठलराव ढोले, आमच्या दोन खोल्यांच्या अभ्यास केंद्राचे मालक, चालक आणि चहा करणारे, तिच्याभोवती लाल पेनाने गोल केला आणि पेपर माझ्या टेबलावर टाकला. म्हणाले, "दीपमाला, हे तुझं."

तीन वर्षं मी इथे पर्यावरणाचे कायदे वाचते आणि टिपणं लिहिते. जिल्ह्याच्या हवामान आराखड्यातलं पाण्याचं प्रकरण माझं आहे. अठरा टिपणं झाली. त्यातली किती कुणी वाचली ते विचारू नये. हे मात्र वाचलं जाईल, कारण याला तारीख आहे.

कंपनीचा पर्यावरण अहवाल चारशे बारा पानांचा. दुपारपर्यंत पान दोनशे तीनवर पोचले: "प्रकल्पक्षेत्रात कोणताही नैसर्गिक नाला अथवा प्रवाह आढळला नाही." माझ्याकडच्या जुन्या नकाशात तिथे निळी रेघ स्पष्ट दिसते. घुगरी नाला. तांड्याची एकच विहीर त्याच्या काठाला आहे. नाला कागदावर नसेल तर तो वाचवायची कुणावर जबाबदारीच येत नाही. खाण त्याला मधोमध कापेल आणि तांड्याचं पाणी जाईल. एकसष्ट घरं आहेत.

१२ ऑक्टोबर, रविवार

एसटीने पांढरकवडा, तिथून ऑटोने फाट्यापर्यंत, पुढे दीड किलोमीटर पायी. बाबांनी कालच आर्णीहून फोनवर रस्ता सांगितला होता. एकतीस वर्षं कंडक्टर होते, या भागातला फाटा न् फाटा पाठ. म्हणाले, "डाव्या हातानं जाजो. आन् आधी नायकाले भेटजो." हे शेवटचं दोनदा सांगितलं. मी वकील आहे, कुणाला कधी भेटायचं हे मला कळतं, असं मी म्हणाले नाही, पण मनात आलंच.

तरी भेटले. बंजाऱ्यांच्या तांड्यात नायक म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्यासारखा, पंचायतीवर निवडून येवो न येवो. देवसिंग राठोड साठीचे असतील. ओट्यावर सतरंजी टाकली, चहा दिला. मी नकाशा पसरून पंचवीस मिनिटं समजावलं: अहवाल काय म्हणतो, सुनावणी म्हणजे काय, हरकत कशी घ्यायची. त्यांनी मान खाली घालून ऐकलं आणि एकच विचारलं, कागदावर नाव कोणाचं राहतं. मी म्हटलं, जो हरकत घेतो त्याचं. "बरं," म्हणाले आणि गुरांना पाणी दाखवायला उठून गेले. शंभर प्रश्नांची उत्तरं पाठ करून गेले होते मी, आणि वाट्याला आलं बरं.

नाला दाखवायला त्यांची थोरली भावजय रुपीबाई आली. माझ्या दुप्पट वेगाने चालते. घुगरीला पिंढरीभर पाणी होतं, नितळ. मी चपला हातात घेऊन आत उतरले आणि तारखेसकट फोटो काढले. रुपीबाई काठावर बसून बघत होती. म्हणाली, "हा नाला कागदात नाई म्हनते, त मंग आमी कायचं पानी पेऊन राह्यलो?"

हे वाक्य मी लिहून घेतलं, पण निवेदनात बसणार नाही. कायद्याच्या भाषेत घ्यावं लागेल.

१५ ऑक्टोबर, बुधवार

सापडलं. जोडपत्र नऊ, बारीक अक्षरात: पाण्याची पाहणी ११ मार्च ते २८ मे. म्हणजे कुणी खोटं लिहिलेलं नाही. पावसाळा सोडून एका ऋतूचा अभ्यास चालतो, नियमच तसा आहे. रुपीबाई सांगत होती की घुगरी पूर्वी होळीपर्यंत वाहायची, आता संक्रांत झाली की आटते. पाऊस तेवढाच पडतो, पण दहा-पंधरा दिवसांत सगळा कोसळून निघून जातो. माझ्या हवामान प्रकरणात हेच तर मी आकड्यांनी लिहिलं होतं. नाला नसतो त्या दिवसांत ते आले, त्यांनी पाहिलं, नाही म्हणून लिहिलं. खोट्यापेक्षा हे निस्तरायला अवघड.

तीन पानी हरकत लिहिली. अकरा मुद्दे, प्रत्येकाला कलम. स्वतःलाच मोठ्याने वाचून दाखवली आणि खरं सांगते, आवडली. ढोले सरांनी दिवाळीला नागपूरला निघता निघता वाचली. "भाषा छान आहे," म्हणाले. मग दारातून वळून, "यात बोलतंय कोण?" मी म्हटलं, तांडा. ते हसले आणि गेले.

मतदार यादीतून नावं काढली. सध्या तांड्यात राहणारे प्रौढ एकशे अठरा. तेवढ्या प्रती काढून ठेवल्या.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

दिवाळीचे तीन दिवस रुपीबाईकडे मुक्काम केला. बाबा रागावले नाहीत, आमच्या घरी दिवाळीचं फारसं नसतंच. फक्त विचारलं, नायकाला विचारून राहिलीस ना. मी म्हटलं, रुपीबाईला विचारून.

संध्याकाळी कुवार पोरी हातात दिवे घेऊन निघाल्या, गात गात, घराघरांत. पहिला दिवा नायकाच्या घरी, तिथून पुढे सगळा तांडा. दिसायला फार गोड. पण एका माणसाचा किती तो मान, असं मला वाटलं. वाटलं ते लिहिते.

एकशे चौदा सह्या आणि अंगठे दोन दिवसांत झाले. घरोघर गेले. कुणी नाही म्हणालं नाही, कुणी एक प्रश्न विचारला नाही. चहा, अनारसे, बसायला खाट, आणि सही. इतका पाठिंबा मला अपेक्षित नव्हता.

नायकाचं घर, चार प्रौढांचं, मी मुद्दाम वगळलं. परवा दुपारी कंपनीच्या पांढऱ्या जीपमधून उतरताना त्यांना पाहिलं. सोबत दोन इंजिनियर, चिखलाने गुडघ्यापर्यंत भरलेले, आणि नायक त्यांना स्वतःच्या लोट्याने पाणी पाजत होते. हातच्या कांकणाला आरसा कशाला. त्या दिवशीच्या टिपणात मी ढोले सरांना लिहून पाठवलं: "नायक देवसिंग राठोड कंपनीकडे झुकलेले दिसतात. त्यांच्यावर विसंबू नये." त्यानंतरही ते रोज सकाळी एकेका घरी जाऊन बसताना दिसतात, अर्धा अर्धा तास. काय पढवत असतील ते उघड आहे. बरं झालं, सह्या आधी घेतल्या.

३ नोव्हेंबर, सोमवार

सगळं मुसळ केरात.

निवेदनं गेल्या बुधवारी जमा केली, पोच घेतली, चार-पाच दिवस हवेत होते. आज सर नागपूरहून परतले. पोच पाहिली. कपाटातून एका जुन्या सुनावणीचं इतिवृत्त काढून माझ्यापुढे ठेवलं. त्यात एक ओळ होती: "एकसारख्या मजकुराची २७६ निवेदने प्राप्त झाली. मुद्दे समान असल्याने एकत्रित नोंद घेण्यात आली."

दोनशे शहात्तर माणसं, एक नोंद. माझी एकशे चौदाही एकच. आणि हे इतिवृत्त मी पूर्वी वाचलेलं आहे. त्याचा गोषवारा मीच काढला होता. वाचताना ती दुसऱ्यांची गोष्ट होती.

मला रडू आलं ते सरांनी पाहिलं नाही असं दाखवलं. म्हणाले, "सुनावणीत हजर असलेल्या प्रत्येकाला बोलता येतं. उभं राहून जो बोलतो, त्याचं नाव वेगळं लिहावं लागतं. अकरा दिवस आहेत." अकरा दिवस आहेत. उद्याची दातांच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट रद्द केली.

६ नोव्हेंबर, गुरुवार

कापूस वेचणीचे दिवस. बायका शेतात. दुपारच्या भाकरीला रुपीबाईच्या बांधावर बारा-तेरा जणी बसल्या होत्या, तिथे मी उभं राहून सांगितलं: प्रत्येकीने फक्त दोन वाक्यं बोलायची, आपल्या मनाने, आपल्या शब्दांत. नाल्याचं पाणी कशाला लागतं तेवढं सांगायचं. मी बोलत होते आणि त्या सरकीचे दाणे दाताने फोडत होत्या. एकीनेही मान वर केली नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

सगळ्या गेल्यावर मी रुपीबाईवर चिडले. सही करताना कशा तयार होत्या, आता बोलायला काय झालं?

"सई त तुले देल्ली," ती म्हणाली. "दिवाळीत घरी आलेल्या पोरीले नाई कोन म्हनते? पन बोलनं येगळं. नायकानं बैठक लावली नाई, आमाले इचारलं नाई, आमी कशे बोलू? तू घरोघर फिरली पोरी. त्यायच्या ओट्यावर फिरून बसली का?"

मी म्हटलं, ते तर कंपनीच्या जीपमधून फिरतात. रुपीबाई माझ्याकडे बघतच राहिली. मग हसायला लागली, आणि ते हसणं मला झोंबलं. म्हणाली, तूच जाऊन विचार.

गेले. नायक गोठ्यात होते. मी सरळ विचारलं, जीपमध्ये कशाला बसलात. त्यांना राग आला नाही. सांगितलं ते असं: इंजिनियर मोजणीला आले होते. नायकांनी त्यांना म्हटलं, वाहता नाला एकदा उगमापासून पाहा. जीप पोचते तिथवर जीपने नेलं, पुढे चार तास पाण्यातून चालवलं. शेवटी इंजिनियर म्हणाले, नाला आहे काका, पण आमच्या कागदात नाही. आणि रोज सकाळी एकेका घरी बसतात ते प्रत्येकाचं मन ऐकायला. सगळ्यांचं ऐकून झाल्याशिवाय नायकाने आपलं मत काढायचं नसतं. एकोणपन्नास घरं झाली होती. बारा उरली होती. मग बैठक, आणि मग सुनावणीत ते उभे राहून तांड्याचा शब्द सांगणार होते.

म्हणजे मी आले त्या पहिल्या दिवसापासून हा माणूस कामाला लागलेला. आणि मी काय लिहून पाठवलं!

तरी मला सांगावंच लागलं, की एकटे तुम्ही बोललात तर एकच नाव लिहिलं जाईल. एक हरकत. माझ्या एकशे चौदांचं काय झालं तेही सांगितलं, काही लपवलं नाही. ते बराच वेळ बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"तांड्याचं एक तोंड राह्यते," म्हणाले. "माह्या बापानं तसंच केलं, त्याच्या बापानं तसंच. आता सगळ्यायले येगळं येगळं बोला म्हनलं, त मंग मी काहाचा नायक?"

याला माझ्याकडे कलम नव्हतं. येताना रस्ताभर स्वतःचीच लाज वाटत होती.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सरांना म्हटलं, नायकाबद्दलची ती ओळ खोडते. सर म्हणाले, फाईलमधलं खोडायचं नसतं, खाली लिहायचं. लिहिलं: "वरील निष्कर्ष चुकीचा आहे. न विचारता काढला. दी. ध. मुनेश्वर." आजवरच्या टिपणांत एवढं छोटं टिपण हेच.

१० नोव्हेंबर, सोमवार

काल तांड्यात बैठक झाली. मला आत बसू दिलं नाही. बाहेरच्या माणसाला ते कोर म्हणतात. कोर आहे मी, आणि त्यात वावगं काही नाही. लिंबाखाली चहा पीत बसले. दोन तास आवाज चढत होते, उतरत होते. सगळं गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या भाषेत, मला पाच-सहा शब्द कळले. एकदा नायकाचा आवाज आला. नंतर एकदम चार-पाच म्हातारे बोलायला लागले, तावातावाने.

संपल्यावर लोक माझ्या शेजारून निघून गेले, कुणी काही सांगेना. नायक सर्वांत शेवटी आले. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं, फक्त थकलेले वाटले. मला विचारलं, सुनावणी किती वेळ चालू शकते, वेळ संपली म्हणून साहेब बंद करू शकतो का. मी म्हटलं, बोलणारा शिल्लक असेपर्यंत बंद करता येत नाही. परत तेच: बरं.

आठवडाभर नीट जेवले नाहीये. आज ठरवलं, काय व्हायचं ते होवो, मी माझं काम चोख करणार. सुनावणीचे नियम पुन्हा वाचले. कुणाच्या तोंडचं काहीही गळू देणार नाही, एवढं तर माझ्या हातात आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

कालची सुनावणी. आज सगळं लिहून काढते.

मांडव मोठा होता. पुढे अपर जिल्हाधिकारी मॅडम आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी, बाजूला इतिवृत्त लिहिणारे एक वयस्कर गृहस्थ, समोर कंपनीचा पडदा. पावणेअकरापर्यंत खुर्च्यांवर कंपनीनेच आणलेली माणसं. तांड्याचं कुणी नाही. अकराला पाच कमी असताना ते आले, रांगेने, म्हातारे पुढे, बायका मागे. वेचणी टाकून आले होते. कालची मजुरी सगळ्यांनीच सोडली असणार. खुर्च्या पुरल्या नाहीत, खाली बसले.

कंपनीच्या माणसाने पाऊण तास पडद्यावर खाण दाखवली. मग मॅडमनी विचारलं, कुणाला बोलायचं आहे. नायक उठले, माईक धरला.

"मी देवसिंग रामधन राठोड, पळसखोरी तांड्याचा नायक. आज मी तांड्याच्या वतीनं बोलून नाई राह्यलो. तांड्याले ज्याचं त्याचं तोंड हाय. मी माह्या घरचं सांगतो."

मागे म्हाताऱ्यांत कुजबुज झाली. एकाने तर मान फिरवली. नायकांनी आपल्या घरची सात माणसं, नऊ गुरं, विहिरीला किती हात पाणी असतं ते सांगितलं, इंजिनियरांना पाण्यातून चालवलं ती तारीख सांगितली आणि खाली बसले. दोन मिनिटंसुद्धा झाली नसतील.

मग थोडा वेळ कुणीच उठेना. आणि रुपीबाई उठली.

ती उठल्यावर थांबलंच नाही कुणी. एकीने सांगितलं, माझं बाळंतपण झालं तेव्हा सव्वा महिन्याचं धुणं याच नाल्यावर झालं. एका म्हाताऱ्याने घुगरीचे बारा डोह नावांसकट सांगितले, कोणता कोणत्या महिन्यात आटतो तेही, पूर्वी आणि आता. माझ्या अकरा कलमांत यातलं एक अक्षर नव्हतं. चारशे बारा पानांतही नव्हतं. काही जण गोरबोलीत बोलले, पूनमसिंग नावाच्या मास्तरने मराठी करून सांगितलं. काही जण दोनच शब्द बोलले. ज्या म्हाताऱ्याने मान फिरवली होती तो चौतिसावा उठला. सांगायला तोही नाल्याचंच सांगून गेला, नायकाकडे न बघता.

सव्वाचार वाजले. अठ्ठावन्न माणसं बोलली. मॅडमनी एकालाही थांबवलं नाही, हे त्यांच्या नावावर लिहून ठेवते.

आता इतिवृत्ताचं वाचन. नियम असा की झालेलं सगळं त्याच दिवशी, लोकांच्या भाषेत, लोकांसमोर वाचून दाखवायचं आणि मगच सही. बहुतेक सुनावण्यांत तोवर मांडव रिकामा झालेला असतो. इथे एकही जागचा हलला नव्हता. लिहिणाऱ्या गृहस्थांनी वाचायला घेतलं. पहिली सात नावं नीट आली. मग आलं, "इतर ग्रामस्थ व महिलांनीही वरीलप्रमाणेच मत मांडले."

मी उठले. म्हटलं: नियमात शब्द आहे, मांडलेली सर्व मतं अचूक. इतर हे कुणाचंही नाव नाही. ते गृहस्थ म्हणाले, मॅडम, अठ्ठावन्न लिहायचे तर रात्र होईल. त्यांचंही चुकत नव्हतं, हाताला फोड आला होता त्यांच्या. अपर जिल्हाधिकारी मॅडमनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग खाली बसलेल्या लोकांकडे. विचारलं, थांबायला कुणाची हरकत आहे का? कुणाचीच नव्हती. त्यांनी आणखी दोन लिहिणारे बसवले, माझ्याकडची नोंदवही ताडून बघायला घेतली, आणि अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न उतरवून घेतले. बायकांनी आपापलं पुन्हा सांगितलं. घुगरीच्या बारा डोहांची नावं आता सरकारी कागदावर आहेत.

नव्याने वाचन सुरू झालं. सवयीने असेल, गृहस्थांनी पहिलंच वाक्य वाचलं: "क्रमांक एक, देवसिंग रामधन राठोड, यांनी पळसखोरी तांड्याच्या वतीने..."

नायक बसल्या जागेवरून म्हणाले, "तांड्याच्या वतीनं नाई साहेब. माह्या घरच्या वतीनं. तेवढं खोडा."

खोडलं. बाजूला मॅडमनी सही केली. मी पाहत होते तर नायक जमिनीकडे बघत होते.

अठ्ठावन्नावं नाव वाचून झालं, सह्या झाल्या, मॅडमनी सुनावणी संपल्याचं जाहीर केलं आणि सगळ्यांचे आभार मानले. पुढे काय होईल ते मला माहीत नाही. प्रकरण तज्ज्ञ समितीकडे जाईल, तिथे मी पुन्हा लिहीन, पावसाळ्यातला अभ्यास झाल्याशिवाय मंजुरी देता येणार नाही असं लिहीन, आणि या वेळी माझ्या कलमांखाली अठ्ठावन्न माणसं असतील. मी हे सोडणार नाही.

एक गोष्ट राहिली. सुनावणी संपली तरी तांड्याचं कुणी उठेना. अधिकारी उठले, कंपनीची माणसं गेली, मांडववाला खुर्च्या गोळा करायला आला. माझी शेवटची एसटी चुकत होती, म्हणून मी रुपीबाईला म्हटलं, मावशी, झालं ना, चला. ती जागची हलली नाही. पुढे बसलेला तो मान फिरवणारा म्हाताराही नाही. सगळे नुसते बसून होते, एका दिशेला बघत. मग देवसिंग नायकांनी गुडघ्यावर हात टेकला आणि उठले, तेव्हा सगळे उठले.